कानबाईपुढचा नमस्कार

मुलाला काहीही झालेलं नाही, असं सांगतच ते माझ्या खोलीत आले. पुढे आजी, तिच्या कडेवर सात-आठ महिन्यांचा नातू, मागे तिचा मुलगा आणि सगळ्यांत शेवटी सून. मी धुळ्यात मुलांच्या मेंदूविकारांची डॉक्टर आहे. इतक्या वर्षांत एवढं कळलंय की जी बाई सगळ्यांत मागे उभी राहते तिलाच आधी विचारावं. म्हणून मी सुनेला विचारलं.

"हा माझ्याकडे बघत नाही," ती म्हणाली.

आधी बघायचा. दूध पिताना थांबून हसायचा. आता त्याचे डोळे तिच्या तोंडावरून घसरून भिंतीकडे जात होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत असं सांगून माझ्याकडे पाठवलं होतं. आजीला हे सगळं थेर वाटत होतं. "तिले बठ्ठं उगाच वाटस," ती म्हणाली. "पोऱ्या गुणी शे मना."

नरडाण्याजवळचं गाव, बरी शेती, दारात म्हशी, घरात भांडण नाही. पोर लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं, आणि तेही आजीनं कानबाईला नवस बोलल्यावर. श्रावणातल्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघर कानबाई बसते, सगळे भाऊबंद जमून प्रसादाचे रोट खातात आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. ही कानबाई त्या वर्षी त्यांच्या घरी जास्तच थाटात बसली होती.

मी विचारलं, "झोपेतून उठला की काय करतो?" आजीचा चेहरा खुलला. तिनं आपल्या मुलाला मोबाइल काढायला लावला.

व्हिडिओत कानबाईच्या सोमवारची सकाळ. पोराला नुकतंच उठवून कानबाईपुढे आजीच्या मांडीवर बसवलेलं. त्याची मान खाली जाते, दोन्ही हात पसरून पुढे येतात, गुडघे वर. क्षणभर थांबतो. परत तसंच. परत. दर खेपेला मागचे सगळे देवीचा जयजयकार करतात. त्या कल्लोळात पोराचं रडणं ऐकू येत नाही, पण प्रत्येक नमस्कारानंतर त्याचं तोंड वेडंवाकडं होतं ते दिसतं.

"देवले हात जोडस," आजी म्हणाली. "बठ्ठी गल्ली देखाले येस."

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असंही शेजारणी म्हणाल्या होत्या म्हणे. पाय मलाही दिसले, पण वेगळे. मी म्हटलं, मोबाइल बंद करा.

आकडी म्हटलं की लोकांना तोंडाला फेस, दातखीळ, आणि मग कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची धावपळ आठवते. तान्ह्या मुलांची एक आकडी तशी नसतेच. ती अशी वाकून येते, बहुतेकदा उठल्या उठल्या, एकामागून एक. तिनं पोर जागच्या जागी मरत नाही, म्हणून कोणी घाबरत नाही. पण ती चालू राहिली तर मेंदू शिकलेलं विसरत जातो. आधी हसणं जातं, मग ओळख. लवकर थांबवली तर गेलेलं थोडंफार परत येतं. वेळ गेली की येईलच असं नाही.

हे मी त्यांना सांगितलं. मेंदूचा आलेख काढला, तो समुद्र खवळल्यासारखा. एमआरआयच्या फोटोत मेंदूचा मागचा भाग, डोळ्यांनी पाहिलेलं समजून घेणारा, जन्मानंतर लगेचच दुखावलेला दिसत होता. पहिले दोन दिवस त्याला आईचं दूध मिळालं नव्हतं, घरोघर देतात तसं मधाचं बोट मिळालं होतं. त्यात रक्तातली साखर उतरली असणार. ते आता पुसता येणार नव्हतं. आकडी मात्र थांबवता येणार होती.

आजी काही केल्या मानेना. देवाला हात जोडतो, तो रोग कसा? माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी म्हटलं, "आजी, नमस्कार करून लेकरू कधी रडतं का?" सुनेनं मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

औषध स्टेरॉइडचं होतं. यानं पोराचं तोंड सुजेल, भूक वाढेल, किरकिर करेल, पण मी सांगेपर्यंत एक वेळही चुकवायचं नाही आणि अचानक तर मुळीच बंद करायचं नाही, हे मी तिघांकडून वदवून घेतलं. सकाळी सून चुलीपाशी असायची आणि पोर आजीच्या मांडीवर, तेव्हा रोज सकाळी एकदाच द्यायचं ते औषध आजी देईल असं त्यांनी आपसांत ठरवलं.

दुसऱ्या आठवड्यात नमस्कार थांबले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सुनेचा फोन आला. मला वाटलं काही बिघडलं. ती म्हणाली, "मॅडम, त्यानं बघितलं. दूध पिता पिता थांबला आणि बघितलं." मी नुसतं बरं म्हणून फोन ठेवला, कारण समोर दुसरं लेकरू होतं. पण त्या दिवशी मी कोणावर ओरडले नाही. माझ्या नर्सनं तब्येत बरी आहे ना, असं विचारलंसुद्धा.

घरात मात्र निराळंच चाललं होतं. पोराचं तोंड फुगलं, दिवसभर रडायला लागलं. नमस्कार बघायला येणाऱ्या बायका आता सुजलेलं पोर बघून हळहळत होत्या. त्यातली एक म्हणाली, देवीनं दिलेलं पोर, त्याचे हात तुम्ही औषधानं बांधले, देवी कोपणार नाही तर काय? आजीला ते पटलं. तिच्या जागी मी असते, आणि मला आलेख वाचता येत नसता, तर मलाही पटलं असतं. डोळ्यांपुढे होतं ते असं: औषधाआधी गोंडस, हात जोडणारं पोर. औषधानंतर सुजलेलं, रडणारं. तिनं औषधाच्या जागी साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली.

सुनेला हे कोणी सांगितलं नाही. ती सकाळच्या भाकरी करत होती. ओसरीवरून जयजयकार ऐकू आला, तेव्हा तिला कळलं. पोराचा नमस्कार परत आला होता, आणि आजीनं आईच्या आधी गल्लीला हाक मारली होती.

त्या दुपारी त्यांनी पोराला आणलं तेव्हा ते ओकून ओकून निपचित पडलं होतं. असं औषध एकदम तोडलं तर जिवावर बेततं. जीव वाचला. आकडी मात्र आता हट्टाला पेटली. पहिल्या औषधाला दाद देईना, दुसऱ्याला देईना. मी तोंडाला येईल ते आजीला बोलले, भर वॉर्डात, सगळ्यांसमोर. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ऐकून घेतलं. मधे एकदा फक्त म्हणाली, "मी वाईट नही करं मॅडम. माले चांगलं वाटनं." ते मला ठाऊक होतं. राग त्यामुळे कमी झाला नाही.

हिवाळा सरता सरता आकडी एकदाची थांबली. बघणं परत आलं नाही.

पोर आता चौथ्या वर्षात आहे. उशीचा टेकू दिला तर बसतं, मान धरतं. आवाजाकडे वळतं, पण डोळे भिंतीकडेच. व्यायामाला त्याला आणते आजीच, एसटीनं, कडेवर. पोर आता जड झालंय, तिची कंबर गेली आहे, पण ती दुसऱ्या कोणाला घेऊ देत नाही. सून पिशवी घेऊन मागे असते. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलतात. घरी एकाच ताटातून पोराला भरवतात.

गेल्या महिन्यात तपासणी झाल्यावर आजी उठेना. तिला काही विचारायचं होतं. मी लिहीत होते. म्हटलं, बोला.

"मी ती दवाई बंद करी नसती," ती म्हणाली, "ते यो आज चालना असता का?"

माझं लिहिणं थांबलं. सून पिशवीत टॉवेल भरत होती. तिचा हातही थांबला. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचे कान माझ्याकडेच होते. एवढ्या वर्षांत तिनं हा प्रश्न मला एकदाही विचारला नव्हता.

खरं काय सांगायचं? मेंदू पहिल्या दोन दिवसांतच दुखावलेला होता. औषध नीट चालू राहिलं असतं तरी चालला असताच असं नाही. नसताच चालला असंही नाही. पण एकदा त्यानं आईकडे बघितलं होतं, हे मला माहीत होतं. या दोघींना एकाच घरात राहायचं आहे, हेही माहीत होतं.

"ते सांगता येत नाही, आजी," मी म्हटलं. "कोणालाच सांगता येणार नाही."

आजीनं मान हलवली. तिचा श्वास जरा मोकळा झाला.

सुनेनं टॉवेल पिशवीत घातला. मग सासूच्या मांडीवरून पोराला उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. इतक्या दिवसांत माझ्यासमोर तिनं असं पहिल्यांदाच केलं.

"माले सांगता येस, मॅडम," ती म्हणाली, आणि दार उघडून बाहेर गेली. आजी राहिलेली पिशवी उचलून तिच्या मागोमाग गेली.