बिनआवाजाची गॅलरी

आमच्या कंपनीचा गेम बाइकच्या शर्यतीचा. शेवटची शर्यत जिंकलात की एक छोटी बोनस लेव्हल उघडायची. तिच्यात बाइक नाही, पॉइंट नाहीत, कुणाला हरवायचं नाही. नुसतं चालायचं आणि बघायचं. आमचे ग्राफिक्स किती भारी आहेत ते दाखवायला ठेवलेली ती लेव्हल अख्खी मी केली होती, आणि ती म्हणजे भोईवाड्यातल्या आमच्या चाळीची दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी होती.

चाळ पाडायचं ठरलं होतं. निम्मी बिऱ्हाडं आधीच गेली होती. बाबा गिरणीत लागले तेव्हापासून त्याच खोलीत राहिलेले. ते जेवत नव्हते नीट, कुणाशी बोलत नव्हते. मी म्हटलं, बाबा, रडताय कशाला, मी सगळी गॅलरी फोनमध्ये घालून देते, कुठंही गेलात तरी रोज फेरी मारा. त्या दिवसापासून ते दर दोन दिवसांनी विचारायचे, "झाला काय गो माझा घर?"

झालं. गेम बाजारात आला. आणि त्याच सकाळी आमच्या टीम लीडने मला बोलावून सांगितलं, "बघ, ह्या लेव्हलमुळे गेम जड होतोय. संध्याकाळपर्यंत प्लेयर काय म्हणतात बघू. नाही आवडली तर पुढच्या अपडेटमध्ये काढून टाकतो. मनाला लावून घेऊ नको."

मनाला लावून घेऊ नको म्हणे! मी परळच्या ऑफिसात खुर्चीत बसून मतं वाचायला लागले. "ओल्या लादीवरचं प्रतिबिंब एकदम खरं." चला, बरं. "पिंपातल्या पाण्यात ट्यूबलाइट हलते, कडक." वा रे पठ्ठ्या. मग सुरू झालं. "ग्राफिक्स मस्त, पण करायचं काय?" "सुरू होतंय तोवर संपलं." "फोन तापला, च्यायला." "एवढ्या शर्यती जिंकून मी काय कपडे वाळताना बघू?" अरे गाढवा, बघ की! कुणाच्या बापाने इतके सुरेख कपडे वाळत घातलेत तुझ्या गेममध्ये? दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. बाबांचा फोन येत होता, मी उचलला नाही. मी काय सांगणार होते त्यांना?

चहाच्या वेळेला एक वेगळंच मत आलं. लिहिणारा लालबागचा. "भारी आहे. पण कोण गेलं?"

मला कळेना. खाली दुसऱ्याने लिहिलं, "मलाही तेच वाटलं रे. एवढी चाळ आणि कुठे टीव्ही नाही, कुकर नाही. आमच्याकडे कोणी गेलं की असंच. मयत उठेपर्यंत कुणी गॅससुद्धा पेटवत नाही." तिसऱ्याने लिहिलं, "मधल्या दाराबाहेर बघा, चपलांचा ढीग. तिथेच."

मी हेडफोन काढून ठेवले. आवाज मीच घातला नव्हता. लोकांनी डोळ्यांनी बघावं, कान मध्ये नकोत, असा माझा शहाणपणा. चपलाही मीच घातलेल्या, भिजलेल्या रबराची चमक मला फार छान जमली होती म्हणून. आणि मधलं दार आमचं.

त्यानंतर मतांचा पाऊसच. लोक त्या दाराशी जाऊन उभे राहत होते. कुणी लिहिलं, आजोबा आठवले. कुणी लिहिलं, गेममध्ये रडलो, हसू नका. लीड नाचत माझ्या टेबलाशी आला. "कसली डोकेबाज आहेस तू! आता कशालाही हात लावू नको. लेव्हल राहिली!"

लेव्हल राहिली. मी पिशवी उचलली आणि तडक भोईवाड्यात गेले.

बाबांच्या फोनवर लेव्हल उघडून दिली. त्यांनी चष्मा पुसून फोन हातात घेतला. फोनमधल्या गॅलरीत हळूहळू चालले. पिंपाशी थांबले, हसले. "आवाज वाढव गो."

"आवाज नाहीये, बाबा."

ते आमच्या दारापर्यंत गेले. चपला बघितल्या. बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "कोण गेला?"

मागून आई बघत होती. तिचा पाराच चढला. "जळला मेला तुजा ता ग्राफिक! जित्या माणसाच्या दारात असा कोण करता?"

मला रडू फुटलं. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "रडा नको. एक कुकर तरी लाव."

आईने रागारागात डाळभाताचा कुकर चढवला आणि मी त्याच्या शिट्ट्या फोनवर रेकॉर्ड केल्या. दुसऱ्या दिवशी लीडला सांगितलं, लेव्हलमध्ये शिट्टी जाणार, नाहीतर मी जाते. तो खूप चिडला, पण घातली. आणि लोकांचं मन उडालं. "आता साधीच चाळ वाटते." "आधीचंच बरं होतं." पुढच्या अपडेटमध्ये लेव्हल काढून टाकली. बाबांच्या फोनवर तो अपडेट मी होऊ दिला नाही.

मग आमचाही दिवस आला. सामान टेम्पोत चढलं होतं. आधी गेलेले शेजारी निरोप द्यायला आले, आमच्या रिकाम्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. मी बाहेर आले. गॅलरीतली बाकीची सगळी दारं कुलूपबंद, कुठे टीव्ही नाही, काही नाही. आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग.

बाबा आतून आले. त्यांनीही ते बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला, लेव्हल सुरू केली, आवाज पूर्ण वाढवला आणि फोन गॅलरीच्या कठड्यावर ठेवून दिला.

आईच्या कुकरची शिट्टी झाली. आतून कुणीतरी विचारलं, "अरे, कुकर कुणाकडे लागलाय?"

"आमच्याकडे," बाबा म्हणाले.