दोनशे तीसचा बॅटर

तो माणूस मला पहिल्याच शनिवारी खटकला, हे आधीच सांगून टाकते. सहा फुटांच्या वर उंची, दंड माझ्या मांडीएवढे, गुडघ्यावर ऑपरेशनचा लांबलचक व्रण आणि वर हे गोड बोलणं. पुण्यात चार वर्षं मी बुवाबाजीच्या विरोधात पत्रकं लिहिली होती. एका पानात एका माणसाचा बुरखा कसा फाडायचा, हे मी झेरॉक्सच्या दुकानात उभ्याउभ्या शिकले. वर एक प्रश्न, मध्ये पुरावे, खाली मागणी. गोड बोलणारा दिसला की माझी बोटं आपोआप पेन शोधायची.

नोकरीसाठी सिंगापूरला आले तेव्हा पहिली दोन वर्षं पुंगोलला ताईकडेच राहत होते. भाची नऊ वर्षांची. तिला बेसबॉलचं खूळ लागलं होतं. एका अकॅडमीनं शनिवारी सकाळी शाळेचं मैदान भाड्यानं घेऊन क्लास काढला होता. एका मराठी आईनं मुलीला घातलं म्हणून दुसरीनं घातलं, असं करत पंधरा मुलांत नऊ आपलीच झाली. शिकवायला हा अमेरिकन, निवृत्त व्यावसायिक खेळाडू. त्याला म्हणे संघ पगार द्यायचे ते फक्त चेंडू लांब मारण्यासाठी.

पहिल्या दिवशी त्यानं पालकांना गवतावर बसवलं आणि स्वतःची ओळख करून दिली. अठराव्या वर्षी घर सोडलं. सात वर्षं छोट्या गावांच्या संघांतून बसनं फिरला. मग दोन सीझन मोठ्या लीगमध्ये, मग तैवान, मग गुडघा गेला. आणि शेवटी हसत म्हणाला, "मी टू थर्टीचा बॅटर होतो. पण लागला, तर तो चेंडू परत यायचा नाही."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या ब्लॉकमधले काका तर उघडच खाकरले.

"टू थर्टी?" भावजी मराठीत कुजबुजले. "सरासरी दोनशे तीस? अहो, कसोटीत शंभराची सरासरीसुद्धा आजवर कुणाला पेलली नाही!"

"आणि सांगतोय कसा, जसं काही भाजी आणायला गेला होता," काका म्हणाले.

झालं. माझं पेन जागं झालं.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी इंटरनेटवर त्याचं रेकॉर्ड शोधलं. सापडलं. फोटो त्याचाच, नाव त्याचंच. होम रन, म्हणजे त्यांचे षटकार, सगळ्या लीग मिळून शंभराच्या वर, आणि बॅटिंग ॲव्हरेजच्या रकान्यात पॉइंट टू थ्री झिरो. शून्य पूर्णांक तेवीस शतांश! म्हणजे चार वेळा बॅटिंगला आला तर सगळे मिळून एक रन, तोसुद्धा धड नाही. तरी होम रन शंभराच्या वर कसे? माझ्या डोक्यात प्रश्न आला तो एवढाच, की खोटं रेकॉर्ड रचताना याला साधी बेरीजसुद्धा जमू नये? बेसबॉलमध्ये बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे काय, हे मी शोधलं नाही. ते मला माहीतच होतं. मराठी घरात वाढलेल्या कुणाला ते माहीत नसतं?

त्यानंतरचे तीन शनिवार मी कुंपणापाशी वही घेऊन बसले. तो चिमुरड्यांना वाकून नमस्कार का करतो? (तैवानची सवय, म्हणाला. लिहून ठेवलं.) बॅग कुणाला उघडू का देत नाही? वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की सगळ्यांच्या आधी मुलांना छपराखाली का पळवतो, आपण कर्तव्यदक्ष आहोत हे दाखवायला? वहीत सगळं पुरावाच होत होतं.

मसुदा तयार झाला तेव्हा ताई म्हणाली, "अगं, त्याचा कामाचा पास, म्हणजे इथे राहायचा परवानाच, या क्लासवर आहे. बारा मुलं नसतील तर अकॅडमी त्याचा पास वाढवणार नाही, तो स्वतःच सांगत होता. पुढच्या महिन्यात संपतोय म्हणे."

"मग फसवणाऱ्याचा पास जाऊ दे की. लोकांच्या मुलींशी खोटं बोलतो आणि आपण त्याची काळजी करायची?"

"फसवलंय काय त्यानं? पोरगी बॅट धरायला शिकली."

"बुवाच्या मठातही लोक प्राणायाम शिकतातच ताई."

भावजींची भीती वेगळी होती. "इथे आपण सगळेच पासवर आहोत. पत्रकं-बित्रकं वाटायची नाहीत."

"वाटत नाही. मराठी पालकांच्या ग्रुपवर टाकते."

"ग्रुपवर टाकणं म्हणजे वाटणंच झालं."

मी टाकलं. मथळा होता, 'दोनशे तीस की शून्य पूर्णांक तेवीस?' खाली रेकॉर्डचा फोटो, त्याचं वाक्य आणि मागणी: खुलासा होईपर्यंत मुलांना पाठवू नका. माझ्या आयुष्यात इतकं चाललेलं पत्रक दुसरं नाही. लिटिल इंडियात किराण्याच्या रांगेत एक अनोळखी बाई मला म्हणाल्या, "तो हजारपटीनं थाप मारणारा कोच, तुम्ही वाचलंत का?" मी नम्रपणे हो म्हणाले. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

पुढच्या शनिवारी मैदानावर सात मुलं होती. त्यातली आपली एकच, माझी भाची. ती हट्टानं आली होती आणि मी तिला सोडायला.

त्यानं मला हात करून बोलावलं. त्याच्या फोनवर माझं पत्रक होतं, कुणीतरी इंग्रजी करून पाठवलेलं. मी लढायच्या तयारीनं गेले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. तुम्ही दोनशे तीस म्हणालात. रेकॉर्ड शून्य पूर्णांक तेवीस म्हणतं. कुठलं खरं?"

तो आधी मोठ्यानं हसला. मग पत्रकाची मागणी वाचली आणि थांबला.

भाची माझा शर्ट ओढत म्हणाली, "मावशी, same thing lah! पॉइंट टू थर्टीला टू थर्टीच म्हणतात. Everybody knows."

"म्हणजे?"

"हजार वेळा खेळलो, तर दोनशे तीस वेळा चेंडू नीट लागला," तो म्हणाला. "बाकीच्या वेळी मी मान खाली घालून परत आलो. मॅडम, टू थर्टी ही फुशारकी नाही. टू थर्टीवर माणसाला घरी पाठवतात. मला ठेवलं, कारण जे लागले ते फार लांब गेले. मुलांच्या आईबापांना मी पहिल्याच दिवशी हेच सांगत होतो, की मी फार चांगला नव्हतो."

मी वही मिटली. पण सवय जात नाही, तोंडातून निघालंच, "आणि हे दंड? ते कशानं झाले?"

भाची म्हणाली, "मावशी!" लाजेनं तिचे कान लाल झाले होते.

त्यानं ते टाळलं नाही. "गुडघा सुजला की डॉक्टर सुई द्यायचे. तिच्यात काय आहे, मी विचारलं नाही. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये कुणी विचारायचं नाही. विचारणाऱ्याची जागा घ्यायला बाहेर दहा जण उभे असायचे. तुम्ही हे लिहिलं असतंत, तर माझ्याकडे उत्तर नसतं."

आजही त्या सुयांबद्दल मला खात्री नाही. पण त्या संघाचे मालक, ते डॉक्टर, एका माणसाला लांब मारण्याचं यंत्र करून गुडघा गेल्यावर फेकून देणारे, त्यांच्याविरुद्ध माझ्या वहीत एक ओळ नव्हती. मी गाठलं होतं त्यांनी फेकलेल्या माणसाला, आणि तेही दशांशचिन्हावरून.

त्याच संध्याकाळी मी दुरुस्ती लिहिली. मथळा, 'मी चुकले.' ग्रुपवर दोन अंगठे आले आणि मग कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो. म्हणून मी दारोदार गेले. पुंगोलचे आठ ब्लॉक, आठ घरं. चहा सगळ्यांनी दिला.

"तूच म्हणालीस ना खोटारडा आहे म्हणून?" एक आई म्हणाली.

"चुकले मी. बेसबॉलचं ॲव्हरेज वेगळं असतं."

"असेल गं. पण एकदा मनात आलं ना, की पोरीला पाठवावंसं वाटत नाही. आणि काहीतरी असल्याशिवाय तू एवढं लिहिशील का?"

काका तर म्हणाले, "तुझ्यावर दबाव आलाय का? आम्हाला सांग." कुणी आरोप मागे घेतला की हेच पहिलं विचारायचं, असं लोकांना शिकवत मी चार वर्षं फिरले होते.

तीन घरांनी हो म्हटलं. सात अधिक तीन दहा. मी अकॅडमीच्या मॅनेजरकडे लेखी माफीनामा घेऊन गेले. त्यानं तो दोन्ही बाजूंनी पाहिला, शांतपणे मला विचारलं, "तुम्हीसुद्धा पासवरच ना?" आणि कागद ट्रेमध्ये टाकला. ही धमकी होती की चौकशी, मला कळलं नाही.

महिना संपला. त्याचा पास वाढला नाही. यिशुनची भाड्याची खोली रिकामी करून तो गेला. भाचीला निरोप द्यायला तो आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, आला होता. मी वरच थांबले. खाली जायची माझी हिंमत झाली नाही, हे खरं कारण. ताईला मी ऑफिसचा कॉल आहे म्हणून सांगितलं.

नवा कोच आला. अकॅडमीच्या पानावर त्याची सहा सर्टिफिकेटं ओळीनं लागली, आणि पंधरवड्यात सगळी मराठी मुलं परत आली. ती सर्टिफिकेटं कुणी दिली, तपासली का, हे मी मॅनेजरला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

भाची मात्र गेली नाही. शनिवारी सकाळी ताईनं तिचे बूट दारात काढून ठेवले, तर तिनं माझ्याकडे न बघताच म्हटलं, "मावशीला विचार, हा चालेल का."

मी म्हणाले, "जा गं, चालेल."

"Sure ah?" ती म्हणाली, आणि बूट उचलून आत ठेवून आली.