काळ्या स्वेटरची पाठ

गेल्या संक्रांतीच्या आधी आठवडाभर शैलावहिनींना आपलं डोकं कामातून गेलं असं वाटत होतं, आणि ते तसं का वाटतंय हे अख्ख्या इंदिरानगरात फक्त मला ठाऊक होतं.

दर बुधवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये विणकामाचं मंडळ बसतं. मंडळ म्हणजे तिघीजणी. माझी बायको सुनंदा, खालच्या मजल्यावरच्या कांबळेवहिनी आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या शैलावहिनी. शैलावहिनी शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांचा टाका इतका एकसारखा की कांबळेवहिनी त्यांना 'मशीन' म्हणतात (तोंडावरसुद्धा). संक्रांतीला द्यायचं ते हातचं द्यायचं, विकतचं नाही, हा मंडळाचा नियम. मग मार्गशीर्षापासून आमच्या घरात टोप्या, मोजे आणि मफलर यांच्यामधून वाट काढत चालावं लागतं.

त्या वर्षी आमच्या ऋतुजाची लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. सासर देवळ्याचं, तिथली थंडी कडक. म्हणून जावयाला काळ्या लोकरीचा स्वेटर द्यायचं ठरलं. वेळ कमी, त्यामुळे तिघींनी काम वाटून घेतलं. पुढचा भाग सुनंदाचा, बाह्या कांबळेवहिनींच्या आणि पाठ शैलावहिनींची. काळ्या लोकरीत टाका डोळ्यांना दिसत नाही, तो बोटांनी ओळखावा लागतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

त्या बुधवारी मी अर्ध्या दिवसाच्या रजेवर होतो. तिघी चहाचे कप घेऊन गच्चीवर ऊन खायला गेल्या आणि माझ्या पाठीला खाज सुटली. नाशिकची थंडी कोरडी असते. त्या थंडीत ज्यांची पाठ खाजली आहे, ते तरी मला समजून घेतील. हात वरून पोहोचेना, खालून पोहोचेना. समोर टीपॉयवर शैलावहिनींचं विणकाम होतं, आणि लोकरीच्या गुंड्यात दोन लांब सुया खोचलेल्या होत्या. त्यांतली एक मी ओढली.

सांगायला लाज वाटते, पण ती दोन मिनिटं फार सुखाची गेली.

डोळे उघडले तेव्हा सगळे टाके मोकळे पडले होते. एक सुई रिकामी असते आणि दुसरीवर सगळा संसार असतो, ही माहिती मला तेव्हा मिळाली. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. मी हाताला लागेल तो टाका सुईवर ओवत सुटलो. कुठे एक, कुठे दोन एकत्र (एखाद्या ठिकाणी तिघांचंही कुटुंब झालं असावं). शैलावहिनी आल्या, बसल्या आणि विणायला लागल्या. कांबळेवहिनींच्या नणंदेचा विषय रंगात आला होता, त्यामुळे खाली कोण बघतंय? मी सांगणार होतो. त्यासाठी तोंडही उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच, "अजून चहा करू का?"

धास्तीने मी आता दर बुधवारी अर्धी रजा टाकू लागलो. पुढच्या बुधवारी सुनंदाने पुढचा भाग पाठीवर ठेवून पाहिला. पाठ चार बोटं कमी.

"शैलाताई, पाठ अरुंद झालीय हो."

"शक्यच नाही. चौऱ्याऐंशी टाके घातलेत मी."

कांबळेवहिनींनी मोजले. "खाली चौऱ्याऐंशीच आहेत. वर एकाहत्तर."

"मग तेरा गेले कुठे?"

तिघींनी खाली फरशीकडे पाहिलं. मी तर वाकून सोफ्याखालीही पाहिलं.

"डोळे," शैलावहिनी म्हणाल्या. "डोळे गेले माझे."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांना स्कूटरवरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. प्रायश्चित्त म्हणून. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, चष्म्याचा नंबरही बदललेला नाही. मला हायसं वाटलं. वहिनींचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे डोळे नाहीत, भाऊजी," त्या मागून म्हणाल्या. "डोकं आहे. आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी आमटीत दोनदा मीठ घालायची. मग आम्हाला ओळखेना."

मी सिग्नलला थांबलो होतो. सांगायला याहून चांगली जागा नव्हती. पण सिग्नल हिरवा झाला आणि मागचा रिक्षावाला ओरडायला लागला.

त्यानंतर शैलावहिनींनी घरभर चिठ्ठ्या लावल्या. 'गॅस बंद केला.' 'दूध घेतलं.' 'कुलूप लावलं.' रोज सकाळी त्यांचा सुनंदाला फोन यायचा, "आज वार कोणता गं?" मी चार पोळ्यांवरून दोनवर आलो. सुनंदाला वाटलं पोट बिघडलंय. ती मला ओव्याचं पाणी देत होती आणि मी ते पीत होतो. शिक्षा कुठून का होईना, मिळत होती.

त्याच्या पुढच्या बुधवारी शैलावहिनी बिस्किटांचा जुना डबा घेऊन आल्या. आत त्यांच्या सगळ्या सुया होत्या.

"तुमच्याकडे राहू देत. पाठ तुम्ही दोघी करून टाका. माझा आता मलाच भरवसा नाही."

कांबळेवहिनी, ज्या झोपेतही गप्प नसतात असं त्यांचे यजमान सांगतात, त्या गप्प झाल्या. मी उठून उभा राहिलो.

"वहिनी, ते टाके मी पाडले. तुम्ही गच्चीवर होतात तेव्हा. सुईने पाठ खाजवत होतो."

कांबळेवहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

"बघा, मन किती मोठं. ताईंना बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतायत."

"अहो, खरंच मी पाडले."

"भाऊजी," शैलावहिनी म्हणाल्या, "शाळेत आयुष्यभर पोरांच्या थापा ऐकल्यात मी. मायेची थापही कळते मला."

मी शपथ घेतली. कांबळेवहिनींनी माझ्या ताटलीत तिळाची दुसरी वडी ठेवली. सुनंदा माझ्याकडे लग्नाच्या अल्बममधल्यासारखी बघत होती. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तो नेमका गुन्ह्याबद्दल मिळत होता.

शेवटी मी कांबळेवहिनींच्या मांडीवरची बाही उचलली आणि सुई ओढली.

"अहो, माझी बाही!"

"असे पाडले," मी म्हणालो. "आणि असे ओवले." आणि ओवून दाखवले.

शैलावहिनींनी बाही घेतली. डोळे मिटून बोटं फिरवली, मग मोजलं. "अठ्ठेचाळीसचे एकेचाळीस." पुन्हा बोटं फिरवली. "दोन-दोन एकत्र, मध्येच पीळ. पाठीवर हाच हात होता." त्यांनी डोळे उघडले. "म्हणजे मी ठीक आहे?"

"तुम्ही ठीक आहात, ताई," सुनंदा म्हणाली. "हे नाहीत."

शैलावहिनी हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सुयांचा डबा त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मला टीपॉयपासून दोन हात लांब बसायला सांगितलं.

दोन दिवसांत त्यांनी पाठ पुन्हा विणली. पण उसवलेल्या बाहीला वेळ उरला नाही आणि एका बाहीचा स्वेटर पाठवता येईना, म्हणून दोन्ही वगळल्या. ऋतुजाचा फोन आला, "आई, सासूबाई विचारतायत, नाशिकला थंडी कमी झाली का?" सुनंदाने हल्ली अशीच फॅशन आहे म्हणून सांगितलं. मी फोन घेऊन खरं सांगणार होतो, पण तिने फोन दिला नाही.

तेव्हापासून मंडळात कुठलाही टाका कमी भरला की पहिला प्रश्न असतो, "भाऊजी कुठे होते?" परवा कांबळेवहिनींच्या मफलरमध्ये दोन टाके कमी निघाले. मी चार दिवस ऑफिसच्या कामाने चांदवडला होतो, आणि तसं सांगितलंही. पण मग कांबळेवहिनी बोटांवर पुन्हा पुन्हा मोजताना दिसल्या. त्यांचा चेहरा पाहवेना.

"निघायच्या आधी मीच पाडले असतील," मी म्हणालो.

या वेळी मात्र सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला.