माती चाखणाऱ्या आत्याबाई

अख्ख्या खेड तालुक्यात, जगबुडीच्या ह्या काठाला आणि त्या काठाला, माणसाचं तोंड सोडून त्याच्या टाचेला लागलेली माती आधी बघणारी बाई एकच झाली, आणि ती नेमकी माझ्या सासरी निघाली! ह्यांची सख्खी आत्या. लवकर विधवा झालेली, भावाच्या घरी परत आलेली, आणि घरात कोणी विचारो न विचारो, शेतीचं सगळं तिच्या हातात. कोणी पाहुणा उंबऱ्यात उभा राहिला की आत्याबाई वाकून त्याचे पाय बघणार आणि म्हणणार, "भडगावकडून आलास ना? वाटेत ओढ्यात घसरलास." आणि तो खरंच घसरलेला असायचा!

मला बघायला आल्या तेव्हाचं सांगते. मी शाळेत दोन यत्ता गेलेली, आणि भित्री तर अशी की वीज चमकली की तांदळाच्या कणगीमागे लपणार. त्या दिवशी पाटावर मान खाली घालून बसले, आता ही बाई काय विचारते, गाणं म्हण म्हणते की चालून दाखव म्हणते. आणि आत्याबाई माझ्या बापाला म्हणतात, "पोर काय पळून जात नाय. आधी परसातली मूठभर माती आणा." बाप घाबरला, त्याला वाटलं करणीचा प्रकार. पण आणली. त्यांनी ती पाण्याने भिजवली, तळहातावर वळली, चिमूटभर दाताखाली घातली, कचकच चावली, आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "ठरलं." माझं तोंड त्यांनी धड बघितलं ते लग्नाच्या दिवशी!

तर हे मातीचं वळणं म्हणजे त्यांची परीक्षाच होती. ओली माती तळहातावर घासून तिची वात करायची. रेवट माती असली तर वात होतच नाही, सुटून पडते. चिकण असली तर वातीची बांगडी सुद्धा होते, पोरीच्या हातात घालावी अशी. आणि नदीकाठच्या आमच्या मळ्याची माती मधलीच, वात छान होते पण बांगडी करायला जावं तर तडकते. ही माती आत्याबाईंची लाडकी. "हिला ना रेवेचा उतावळेपणा, ना चिकणीचा हट्ट," म्हणायच्या. भात त्यात दाणेदार व्हायचं, आणि भात कापल्यावर खालच्या ओलीवरच पावटे आणि कुळीथ, वरून थेंब पाणी नको. आत्याबाई पावट्याच्या वेलांशी बोलायच्या, आणि आमच्याशी बोलायला त्यांना वेळ नसायचा.

घरात चुलीमागच्या फळीवर त्यांच्या माती भरून ठेवलेल्या मडक्या. प्रत्येक शेताची वेगळी. आणि मी नवी सून, घाबरट, अंधारं स्वयंपाकघर, तिखटाची मडकी समजून हात घातला आणि आमटीत टाकलं चमचाभर! सगळे जेवायला बसलेले. मी दाराआड उभी, मला तोपर्यंत कळलेलं. आत्याबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, जिभेवर घोळवलं, आणि म्हणाल्या, "अगो, ही तर वरच्या कातळाकडची!" एवढंच. मग सगळी आमटी जेवल्या! मी त्या दिवसापासून त्यांना भ्यायचं सोडून दिलं. बाकी सगळ्यांना भीतच होते.

मग माझा थोरला झाला, आणि तो सहा महिन्यांचा असताना शिमग्याला हे मुंबईहून आले. आगबोटीने दाभोळ, तिथून होडीने खेड, आणि उतरल्या उतरल्या म्हणाले, "वेगळं घर बांधायचं. मळ्यात." मला इतका आनंद झाला! वरच्या वाडीत आम्ही ह्यांच्या चुलत्यांच्या घरात एका खोलीत, आणि पाण्याला दिवसातून चार वेळा खाली उतरायचं, कडेवर पोर, डोक्यावर हंडा. मळ्यात घर म्हणजे दाराशी पाणी! सपाट जागा, गाडीवाट जवळ. पण मनात नदीची भीतीही होती, ती मी कोणाला सांगितली नाही, कारण मी कशालाही भिते हे सगळ्यांना माहीत, मग कोण ऐकणार?

आत्याबाई म्हणाल्या, "तिथं नको." हे म्हणाले, "आत्या, आठ महिने जमीन खडखडीत असते." त्या म्हणाल्या, "आणि चार महिने?" हे म्हणाले, "जोतं उंच घेऊ." झालं, विषय संपला. पुरुषमाणसाने ठरवलं. खुंट्या मारल्या, दोरी ताणली, भटजींना सांगितलं.

भूमिपूजनाच्या सकाळी आम्ही सगळे मळ्यात जातो तर काय! बरोब्बर पूजेच्या जागी हातभर खोल खड्डा, आणि खड्ड्याच्या काठावर, पाय आत सोडून, आत्याबाई!

"आत्याबाई, उठा, मुहूर्त टळतोय," भटजी म्हणाले.

"टळू दे. पुढच्या आठवड्यात दुसरा काढून द्याल की."

"आत्या," हे दबक्या आवाजात म्हणाले, "चार लोकांत शोभा नको गो करूस."

"शोभा मी करत नाय, खड्डा करतोय. सुने, हिकडे ये."

मी गेले. डोक्यावरून पदर, कडेवर पोर, आणि पोराने नेमकं तेव्हाच भोकाड पसरलं. त्या म्हणाल्या, "आत हात घाल. तळाचं ढेकूळ काढ. फोड. काय दिसतं ते मोठ्याने सांग."

मी पुरुषांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. पण आत्याबाईंचे डोळे! मी ढेकूळ फोडलं. वरची माती कशी तपकिरी, आणि हे आतून राखेच्या रंगाचं, आणि त्यात लाल ठिपके, बारीक बारीक.

"राखाडी आहे," मी म्हटलं. "आणि... गंजाचे ठिपके. जुन्या कढईला असतात तसे."

"कढई कधी गंजते?"

"ओली राहिली की."

"ऐकलंस?" त्या ह्यांना म्हणाल्या. "पाणी इथं येतं, बसतं, महिनोन्‌महिने बसतं, मग हळूहळू जातं. मातीत लिहिलेलं आहे, तुला वाचता येत नाय तर तुझ्या बायकोला येतं. आता दोन घागरी पाणी आणा."

आणलं. पहिली घागर ओतली, ती पान खाऊन होईपर्यंत जिरली. हे हसले, "बघ आत्या!" त्या म्हणाल्या, "ती तहान होती. आता दुसरी ओत." दुसरी ओतली, आणि ती राहिली की हो! आम्ही सगळे खड्ड्याभोवती, लग्नाच्या पंगतीला बसावं तसे, पाण्याकडे बघत. ऊन चढलं. भटजींनी नारळ पिशवीत परत ठेवला. एक कावळा आला, पाणी पिऊन गेला. ह्यांनी काडीने माप घेतलं, मग परत घेतलं. बोटभर उतरलं होतं, फक्त बोटभर!

"भात होतं ना इथं सोन्यासारखं," हे अगदी कळवळून म्हणाले.

"भाताला पाय ओले लागतात. पाळण्याला नाय."

मग ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा विचारलं, "तुला काय वाटतं?"

दाराशी पाणी! चार वेळा उतरायचं, चढायचं, हंडा! सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि मी म्हटलं, "मला भीती वाटते."

लोक हसले. हे हसले नाहीत. ते वाकले, खड्ड्यात हात घालून पाणी हलवलं, आणि म्हणाले, "वर बांधू."

वर म्हणजे जांभ्या दगडाच्या टेपावर, उंचवट्यावर. पावसाआधी घर उभं राहिलं. आणि मी हंडा घेऊन चढताना रोज आत्याबाईंना शिव्या घालायचे, त्या ओटीवरून ऐकायच्या आणि हसायच्या.

श्रावणात नदी पात्र सोडून आली आणि दोन दिवसांत उतरली. बाकीचे मळे उघडे पडले. पाचव्या दिवशी मी पोराला घेऊन खाली गेले तर आमच्या खुंट्यांच्या आत अजून घोट्याएवढं पाणी, गप्प, हलत सुद्धा नव्हतं. आणि त्यात आत्याबाई, लुगडं वर खोचून, पाणी तुडवत फिरत होत्या. मला बघून ओरडल्या, "ये गो, तुझं घर दाखवतो! ही तुझी ओटी. ही चूल, बघ, विझली!" मी हसून हसून वाकले, पोरही खिदळायला लागलं. "हे तुमचं माजघर. आणि हा इथं पाळणा."

तिथं त्या थांबल्या. जरा जास्तच थांबल्या. पाण्यात बघत राहिल्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या सासरचं घर कसल्या जमिनीत होतं?"

"असल्याच," त्या म्हणाल्या.

त्यांना मूल झालं होतं, आणि ते पाळण्यातच गेलं, हे मला तोपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही. त्या पाण्यातून बाहेर आल्या, माझ्या पोराचे तळवे हाताने चाचपून बघितले, कोरडे आहेत ना, आणि माझ्यावर खेकसल्या, "इथं ओलीत कशाला आणलंस त्याला? जा, वर जा."

मी वर गेले. मागे वळून बघितलं तेव्हा त्या परत पाण्यात जाऊन उभ्या होत्या, अगदी त्याच जागी.