डुकरांवर काम करणारी लता

दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या मराठी मंडळात लताइतकं तोंडावर बोलणारं दुसरं माणूस नाही, आणि मला ती त्यासाठीच आवडते. गाझियाबादच्या एका प्रयोगशाळेत ती डुकरांवर संशोधन करते. काही डुकरांचं मांस कापल्यावर फिकट पडतं, पाणी सोडतं. काहींचं लालसर, रसदार राहतं. हा फरक आईबापांकडून किती येतो, हे ती शोधते. मांसाचा तुकडा पिशवीत टांगून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी किती पाणी गळलं ते तोलायचं, असं तिचं काम. आपल्या गावठी काळ्या डुकरांत मांस रसदार ठेवणारा एक आनुवंशिक गुण तिला सापडला आणि पुरस्कार मिळाला.

लगेच मंडळाला ती आपली वाटू लागली. गणपतीत सत्कार ठरला. अध्यक्ष पद्माकरकाका आदल्या दिवशी तिला म्हणाले, "लता, ओळख करून देताना मी 'पशुधन' म्हणेन हं. बाप्पासमोर तो शब्द नको यार, समजून घे."

"काका, विष्णूनं वराह अवतार घेतला, तो काय पशुधन अवतार होता?"

काका कसनुसं हसले. "आणि आईचंही ते राहू दे. 'शेतकरी कुटुंब' बिल्कुल ठीक वाटतं."

लताची आई कौशल्याबाई सोलापूरजवळ डुकरं पाळायच्या. त्यावरच लता शिकली. सत्कारासाठी त्या मुद्दाम दिल्लीला आल्या होत्या.

"खरं सांगणार असाल तरच शाल घेईन," लता म्हणाली. काकांना वाटलं, ऐनवेळी पोरगी नरमेल. लताला ओळखलंच नव्हतं त्यांनी.

स्टेजवर काका 'पशुधन'च म्हणाले आणि शाल पुढे केली. लतानं शाल घेतली नाही, माईक घेतला.

"मी डुकरांवर काम करते. आईनं डुकरं पाळून मला शिकवलं. शाळेत मुलं मला डुकरीण म्हणायची आणि मास्तर हसायचे. तेव्हा हा शब्द कुणाच्या जिभेला जड झाला नाही. काका, आता ओळख पुन्हा करून द्या."

मला तर शिट्टी मारावीशी वाटली. काकांनी घाम पुसला, तिच्याकडून माईक घेऊन तोंडाशी नेला आणि पुटपुटले, "आपली लता... डु... डुकरांच्या..."

पहिल्या रांगेतून कौशल्याबाई ओरडल्या, "मोठ्यानं म्हना की सायेब! मागल्यांना ऐकू येईना!"