मुक्या नटीचा प्रॉम्प्टर

इंग्लंडच्या एका मूकपटातल्या नटीला आयुष्यात खरा कदरदान एकच मिळाला, आणि तोही आमच्या नवेगाव बांध या गावी, ती जाऊन कैक वर्षं झाल्यावर. ते म्हणजे आमचे मावसाजी. उभी हयात त्यांनी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. पडद्याआडून नटांना वाक्यं पुरवायची आणि समोर टाळ्या पडल्या की त्यातल्या निम्म्या आपल्या समजायच्या. खोड अशी मुरलेली, की भांडताना मावशी श्वास घ्यायला थांबली तरी तिचं पुढचं वाक्य हेच पुरवत.

एकदा सहज मी त्यांना मोबाइलवर त्या बाईचा सिनेमा दाखवला. बाई मोठ्ठ्या डोळ्यांनी बघतेय आणि आवाज नाही. मावसाजी कासावीस झाले. "वाक्य इसरली ना बे ते. प्रॉम्टर कुठं मेला तिचा?" आणि मोबाइलवर वाकून त्यांनी सांगितलंसुद्धा, "धनी, मले सोडून नोका जाऊ." नेमके तेव्हाच तिचे ओठ हलले. झालं, त्या दिवसापासून मावसाजी तिचे.

मग माझ्याकडून तिची सगळी कारकीर्द वदवून घेतली. पोरवयात रंगभूमी, मग पडद्यावर राणीसारखी मिरवली, मग बोलपट आले आणि कामं बंद.

"आवाज बरा नव्हता म्हणतात," मी म्हटलं.

"आवाजाचं काई नाही बाबू. तिले मागं बसणारा माणूस नाही भेटला."

तिचा तो एकच सिनेमा उरलाय, त्याचंही शेवटचं रीळ हरवलेलं. ती दारात येते आणि संपतं. पुढचं मावसाजी तलावाच्या पाळीवर बसून रोज नवं सांगत. कधी नवरा परत येई, कधी तीच धानाच्या बांध्यांतून चालत दूर जाई. ऐकता ऐकता मलाही ती पलीकडच्या धुक्यात दिसायची.

यंदा घशाच्या ऑपरेशनात मावसाजींचा आवाज गेला. जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "मंग तिचं कोण बोलन?"

परवा गेलो, तर पाळीवरच बसले होते, मांडीवर मोबाइल. बाईचे ओठ हलले, मावसाजींचेही हलले. त्यांनी मला कोपर मारलं आणि माझ्याकडे तोंड करून तेच ओठ सावकाश हलवले.

"धनी," मी म्हटलं, "मले सोडून..."

त्यांनी हातानं खुणावलं, हळू. मी पुन्हा हळू म्हटलं. बाई दारात आली, सिनेमा संपला. मावसाजींचे ओठ मात्र हलतच राहिले, आणि त्यांच्याकडे बघत मी बोलत राहिलो.