अर्धा रिमोट

मला एक गोष्ट येते जी आमच्या पिंप्राळ्यात दुसऱ्या कुठल्याच बाईला येत नाही. मला आकाशातल्या राक्षसांवर बंदूक चालवता येते. हसा, हसा. माझी जाऊ पुष्पाबाई तर पदर तोंडाला लावून हसली होती. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आमचे हे, म्हणजे अभिमन, जळगावात एका डाळ मिलमध्ये होते. बारा वर्षं. तुरीचं पोतं उघडलं की मूठ भरायची, दोनदा दाबायची आणि सांगायचं, अजून एक ऊन दाखवा. ओल मोजायचं यंत्र आलं होतं मिलमध्ये, तरी शेठ आधी ह्यांची मूठ विचारायचे. त्या मुठीचा मला काय गर्व होता म्हणून सांगू! सत्त्याण्णव साली होळीच्या आदल्या दिवशी मशीनच्या पट्ट्यात फडकं अडकलं आणि ते काढायला ह्यांनी चालू पट्ट्यात हात घातला. कुणी ढकललं नाही, कुणी सांगितलं नाही. बारा वर्षं दुसऱ्यांवर ओरडले, आधी पट्टा बंद करा मग हात घाला, आणि स्वतः तेच केलं. उजवा हात कोपरापासून गेला.

शेठनी दवाखान्याचं सगळं पाहिलं. बरे झाल्यावर मिलच्या गेटवर बसायचं काम देतो म्हणाले. हे गेले नाहीत. खाटेवर पडायचे, तोंड भिंतीकडे. मी उडदाचे पापड लाटून घर चालवायला लागले. पोटी लेकरू नाही, सासू-सासरे देवाघरी, घरात आम्ही दोघंच. उद्या भाजी काय करू, मी विचारायची. उत्तर नाही. उद्या पट्टी बदलायला जायचंय. उत्तर नाही. उद्या हा शब्दच ह्यांच्या तोंडातून गेला. मी भांडकुदळ बाई, माहेरीही माझी ख्याती तीच. पण भिंतीशी किती भांडणार?

रहीमभाऊ ह्यांचे सावद्याच्या शाळेपासूनचे दोस्त. रेल्वे फाटकाच्या अलीकडे त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्यांचा मेहुणा शकील जेद्दाला असतो. त्याने तिकडून टीव्हीवर खेळायचा गेम आणला होता, तो बिघडला म्हणून इथेच टाकून गेला. रहीमभाऊंनी तो खोलून, फुंकून, कथिलाचा डाग देऊन चालू केला आणि एका दुपारी आमच्या दारात घेऊन आले. माझं डोकं फिरलं. इकडे माणसाचा हात गेला आणि तुम्ही खेळणं आणता? असं तोंडावर बोलले मी. ते आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीला वायर जोडत बसले.

त्या गेममध्ये आपण एक शिपाई असतो. आकाशातल्या एका जहाजात राक्षस घुसलेले असतात, ते मारत मारत त्यांच्या राणीपर्यंत जायचं. ते राक्षस हिरवे आहेत हे मला फार उशिरा रहीमभाऊंच्या बायकोकडून, मदिनाभाबीकडून कळलं, आमच्याकडे सगळे राखेच्या रंगाचे. पण खरी गोष्ट वेगळीच. त्या शिपायाचं तोंड कधी दिसत नाही, पाय दिसत नाहीत. दिसतात फक्त समोर धरलेले दोन हात आणि बंदूक. आवाज ऐकून ह्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"ह्याचे दोन्ही हात आहेत," असं म्हणाले. पाच दिवसांत पहिल्यांदा बोलले होते.

पण तो रिमोट दोन हातांचा. डाव्या बाजूने चालायचं, वळायचं. उजव्या बाजूने गोळी मारायची. ह्यांनी तो मांडीवर ठेवला, हनुवटीने बटण दाबून पाहिलं. मला ते बघवेना. लाटणं टाकलं, पिठाच्या हातानेच त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि अर्धा रिमोट धरला. म्हटलं, तुम्ही चाला, मी मारते. तुम्ही दाब म्हणा, मी दाबते.

अशी आमची जोडी जमली. पहिले आठ दिवस मी भिंतीलाच गोळ्या घातल्या. मग अंदाज आला. महिन्याभरात तर दाब म्हणायचीही गरज उरली नाही. त्यांचं अंग जरा ताठ झालं की माझा अंगठा खाली. लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण एवढं एकमेकांना आम्ही कधी ओळखलं नव्हतं. दिवाळीच्या पाडव्याला राणी मेली, जहाज घराकडे निघालं, गेम संपला. मी येडी, आनंदाने शिरा केला. हे गुपचूप खाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पापडाचं पीठ दळून आले तर खाट रिकामी. रहीमभाऊंना ते फाटकाच्या पुढे सापडले, रुळाशेजारच्या खडीवर बसलेले. रहीमभाऊ शहाणा माणूस, काही विचारलं नाही, ओढलं नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, अभिमन, राणी मेली नाही रे, तिचं अंडं जहाजातच राहिलं, ह्याचा दुसरा भाग आहे. हे रुळाकडे एकदा बघून उठले.

घरी येऊन माझ्याकडे सरळ बघून बोलले. "दुसरा भाग पाहतो. मंग मले अडवू नको, कुंदा."

मी ओट्याला धरून उभी राहिले. अशी गोष्ट माणूस भाजी कमी खारट कर म्हटल्यासारखी बोलतो का? बाहेर येऊन रहीमभाऊंना विचारलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. भाभी, मी थाप मारली, दुसरा भाग आहे की नाही ते मला काय ठाऊक!

त्या दिवसापासून माझ्या मागे तो दुसरा भाग लागला. जळगावच्या फुले मार्केटमध्ये एक दुकान सोडलं नाही. भुसावळला गेले. एसटीने धुळ्याला गेले, तिथल्या पाचकंदील चौकात एका दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, बाई, पहिलाच इथे कुणी मागत नाही, दुसरा कुठून आणू? परत येताना पारोळ्यापर्यंत मी एसटीत रडले. शेजारच्या म्हातारीने विचारलं, कोण गेलं बाई? मी म्हटलं, कुणी नाही, अजून कुणी नाही. घरी येऊन रोज खोटं बोलायची. सुरतहून येतोय, मुंबईत पोचलाय, चार दिवसांत हातात येईल. हे मान हलवायचे आणि वाट बघायचे. वाट बघत होते म्हणून जेवत होते, एवढंच मला कळत होतं.

फेब्रुवारीत शकीलचा फोन आला रहीमभाऊंच्या दुकानात. दुसरा भाग खरंच आहे, नवाच आलाय, बकरी ईदला येताना आणतो. मी तिथेच, दुकानातल्या उघड्या टीव्हींच्या मध्ये, देवाला हात जोडले. ईदच्या दुसऱ्या दिवशी शकील सीडी देऊन गेला. डबीवर तेच दोन हात, बंदूक जरा मोठी. हातात घेतली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे म्हणाले होते दुसरा भाग पाहतो, मग अडवू नको. म्हणजे मी गावोगाव हिंडून काय आणलं होतं? नवऱ्याच्या मरणाची तारीख.

बारा टप्पे होते. अंड्याचा पत्ता नव्हता. हा शिपाई बर्फाच्या कुठल्याशा ग्रहावर उतरला होता. रहीम थापाड्या आहे, असं म्हणून हे किती दिवसांनी हसले! एकेक टप्पा पार झाला की हे सरळ बसायचे आणि मी उरलेले टप्पे मोजायची. मुद्दाम हळू खेळायचा प्रयत्न केला, पण आमची जोडी आता फार तयार झाली होती. श्रावणात आम्ही बाराव्या टप्प्यावर पोचलो. कुठपर्यंत आलो ते मशीनच्या छोट्या कार्डात राहायचं, त्यामुळे मेलं तरी पुन्हा बाराव्यापासूनच.

शेवटी एक मोठा थोरला राक्षस होता, खोल खड्ड्याच्या मधोमध उभा. खड्ड्याच्या काठाने गोल गोल फिरायचं. तीन आकडे मोजेपर्यंतच त्याची छाती उघडी राहते, तेवढ्यात गोळी मारायची. अशा पाच गोळ्या लागल्या की तो मेला. ह्यांनी मला काठावरून अगदी बरोबर नेलं, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. छाती उघडली.

"दाब," म्हणाले.

मी एक, दोन, तीन, चार मोजले आणि मग दाबलं. शिपाई मेला, पडदा काळा झाला. असू दे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग मात्र चिडले. झोपली होतीस का, डोळे कुठे होते, वर्षभर न सांगता दाबत होतीस आणि आता सांगूनही दाबता येत नाही? मी म्हटलं, पापड लाटून अंगठा दुखतो. खोटं पटावं म्हणून अंगठ्याला हळदीचं फडकं बांधलं. मला कुणी एक बोललं तर मी चार बोलणारी. पण खाली मान घालून ऐकायची. म्हणायची, ओरडा. ओरडताय तोवर आहात.

चार महिने असे काढले. रोज दुपारी दोनला लाईट यायची, आणि हे म्हणायचे, ये. पोळपाट बाजूला सारून मी जायची. उशिरा दाबणं सोपं वाटतं ना? नव्हतं. अंगठ्याला सवय लागलेली, त्यांचं अंग ताठ झालं की तो आपोआप खाली जायचा. दात खाऊन त्याला वर धरून ठेवायची. एखाद्या दिवशी चुकून वेळेवर दाबला गेला तर? शिपाई मेला की मला श्वास यायचा. एक दिवस आणखी मिळाला. स्वयंपाकाला लागायची.

हे फक्त मदिनाभाबीला सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, किती दिवस पुरवणार असं? मी म्हटलं, तिसरा भाग येईपर्यंत. तिने रहीमभाऊंकडून शकीलला विचारून घेतलं. तिसरा भाग निघालेलाच नाही. आणि रहीमभाऊंनी हात जोडून सांगितलं, भाभी, अभिमनने विचारलं तर ह्या वेळी मला खोटं बोलवणार नाही.

डिसेंबरात एका सकाळी मी पीठ मळत होते, फडकं भिजून गळून पडलं. हे समोर बसले होते. त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. सूज नाही, काही नाही, धडधाकट अंगठा. बघत राहिले. मी पीठ मळत राहिले. मला कळलं की ह्यांना कळलं.

दुपारी दोनला लाईट आली. हे टीव्हीसमोर बसले. डाव्या हाताने माझा हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"आज बरोबर दाबायचं. माझी शपथ आहे तुले."

काय करायचं मी? शपथ मोडली तर माझ्याच हाताने त्यांचं वाईट केलं. पाळली तर गेम संपला, आणि गेम संपला तर... आगीतून फुफाट्यात असंही नाही, दोन्हीकडे आगच. मला ओरडावंसं वाटत होतं, तो टीव्ही उचलून रस्त्यावर फेकावासा वाटत होता. फेकला नाही. शपथ घातली होती. उजव्या बाजूला बसले, माझा अर्धा रिमोट धरला.

खड्ड्याच्या काठाने फिरलो. छाती उघडली, दाब म्हणाले, दाबलं. गोळी लागली. पुन्हा फिरलो, पुन्हा दाबलं, लागली. मला पडदा नीट दिसत नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण अंगठा आपलं काम करत होता, चार महिने आवरलेला. चौथी लागली तसा तो राक्षस वाकला. आता एकच. छाती उघडली. ह्यांचं अंग ताठ झालं. माझा अंगठा खाली गेला.

आणि त्याच क्षणी समोरचं सगळं एका बाजूला सरकलं. माझी गोळी कुठे आकाशात गेली. ते दोन हात, ती बंदूक, सगळं खड्ड्यात. पडदा काळा.

"पाय सरकला," हे म्हणाले.

पाय सरकला! डोळे मिटून त्या काठावरून वर्षभर फिरवलं असतं ह्यांनी. पाय म्हणजे त्यांचा डावा अंगठा, आणि तो अंगठा मी त्या क्षणी पाहिला होता, मुद्दाम वळवलेला, पांढरा पडलेला. शपथ मला घातली होती, स्वतःला थोडीच घातली होती. मी माझी बाजू घट्ट धरून बसले.

त्यांनी रिमोटची आपली बाजू हळूच खाली ठेवली.

"उद्या पाहू," म्हणाले.

मी उठले. माझे डोळे त्यांना दिसायला नकोत म्हणून तोंड चुलीकडे केलं. आवाज जमेल तेवढा नेहमीचा ठेवला आणि विचारलं, उद्या भाजी काय करू?

"भरीत कर," म्हणाले. "वांगी मी आणतो."